तीनदा भरूनही परत आलेली भेग: जिप्सम बोर्डाच्या एका भिंतीचं प्रकरण

भिंत बहिणीच्या घरातली. एका मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करताना मधे जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घातलं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. तेवढ्यात भिंतीच्या भेगा तीनदा भरून झाल्या होत्या. एकदा रंगवाल्याकडून, दोनदा तिने स्वतः. दर वेळी पुट्टी भरायची, घासायची, वरून रंगाचा हात मारायचा आणि पाच-सहा महिन्यांत भेग जिथल्या तिथे हजर. चौथ्या खेपेला तिने मला बोलावलं आणि दारातच सांगितलं, "दादा, लगेच भरायला घेऊ नकोस. ती का येते, ते आधी शोध."

म्हणून पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. पार्टिशन 3.6 मीटर लांब, 2.7 मीटर उंच. आत पत्र्याचे उभे खांब, म्हणजे स्टड, दर 600 मिमीवर एक. त्यांवर 12.5 मिमी जाडीचे, 1200 मिमी रुंदीचे तीन बोर्ड शेजारी-शेजारी. एक टोक विटांच्या, प्लास्टर केलेल्या भिंतीला टेकलेलं. दुसऱ्या टोकाला जिप्समचंच दुसरं पार्टिशन काटकोनात आलेलं. वर सिमेंटचा स्लॅब. पलीकडची बाजू कपाटामागे पूर्ण झाकलेली, तिचा विषय इथे नाही.

तक्रारी चार होत्या. वरच्या भागात भिंतभर गेलेली आडवी भेग. पहिल्या उभ्या सांध्यावर हातभर लांबीचा फुगवटा. जिप्सम-जिप्समच्या आतल्या कोपऱ्यात वेडीवाकडी, कडा सुटलेली भेग. आणि विटांच्या भिंतीलगत एक सरळ, केसाएवढी रेघ. तशीच रेघ वर स्लॅबच्या कडेनेही होती, पण ती खालून कोणाला दिसत नव्हती म्हणून तक्रारीत नव्हती. दुसरा उभा सांधा मात्र धडधाकट. एकाच भिंतीत एक सांधा टिकतो आणि बाकीचे टिकत नाहीत, हे मला सगळ्यात उपयोगी वाटलं. माल वाईट असता तर सगळेच फुटले असते.

मोजपट्टी आणि अंगठा

आडवी भेग जमिनीपासून मोजली. 2410 मिमी. बोर्ड 2400 लांबीचा येतो, आणि खालून ओल शोषू नये म्हणून तो जमिनीपासून 10 मिमी उचलून बसवतात. म्हणजे भेग बरोबर बोर्ड संपतो तिथे. त्याच्या वरची जागा भरायला कारागिराने बोर्डाचा कापलेला तुकडा लावला होता.

मग अंगठा. भेगेच्या वर आणि खाली आळीपाळीने दाबत भिंतभर गेलो. स्टडच्या जागी काही हललं नाही. दोन स्टडच्या मधे मात्र वरचा तुकडा दोनेक मिमी आत जायचा आणि खालचा बोर्ड जागेवर राहायचा. सांध्यामागे आधार म्हणून काहीच नव्हतं. आणखी एक गोष्ट शिडीवर चढल्यावर दिसली: तुकडा वर स्लॅबला घट्ट ठेचून बसवला होता आणि वरच्या चॅनलला, म्हणजे स्लॅबला बसवलेल्या पत्र्याच्या पन्हळीला, स्क्रूने जखडला होता. स्लॅब भाराखाली थोडा वाकतो, सगळेच वाकतात. वाकला की चॅनल खाली येणार, तुकडा खाली ढकलला जाणार, आणि तो भार निघणार सांध्यावर. नशिबाने उभे स्टड वरच्या चॅनलमध्ये सरकायला जागा राहील एवढे आखूड कापलेले होते. त्यांना हात लावावा लागला नाही.

कोपऱ्यात दाबून पाहिलं तर दोन्ही बोर्ड पक्के. मग तिथे भेग का? कटरने हातभर जागा खरवडली आणि उत्तर हातात आलं: दोन बोर्डांच्या मधे 6 मिमी फट, ती नुसत्या पुट्टीने भरलेली. आत सांध्यावर चिकटवायची टेपच नाही. त्याच कटरने आडवी भेगही उघडली. तिथे चिकटपट्टीसारखी जाळीची फायबर टेप होती, पण वरून भिंतीला लावायची सिमेंटची पुट्टी ओढलेली. ती पुट्टी पातळ थरात भिंत गुळगुळीत करायला असते. सांधा धरून ठेवणं तिचं काम नाही.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जिप्सम बोर्डाचा मधला गाभा दाबाला खंबीर असतो, पण ओढला की खडूसारखा तुटतो. ओढ सोसतो तो दोन्ही अंगांचा कागद. ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकनाने 1894 साली पेटंट घेतलेल्या बोर्डात तर कागदाचे आणि प्लास्टरचे थर एकाआड एक होते. पुढे मधले कागद गळाले आणि बाहेरचे दोन उरले. सांध्यावर आणि कोपऱ्यात नेमका हा कागद तुटलेला असतो. टेप लावायची ती तो कागद पुन्हा अखंड करायला. कंपाउंड (सांधे भरायचा माल) टेपला चिकटवतं आणि पातळी सारखी करतं, बस. बहिणीच्या भिंतीवर तीनदा जे भरलं गेलं ते सगळं पातळी सारखी करणं होतं. ओढ घेणारं काही कोणी परत घातलंच नव्हतं.

म्हणून चारही जागांना एकच औषध लागू नव्हतं. जिप्समला जिप्सम भिडतो आणि मागे आधार आहे, तिथे टेप. मागे आधारच नाही, तिथे आधी आधार, मग टेप. आणि जिप्समला वेगळीच चीज भिडते, विटांची भिंत किंवा स्लॅब, तिथे टेप लावून काही काळ बरं दिसेल, पण दोन्ही आपापल्या चालीने हलणार. तिथे लवचीक सीलंट, म्हणजे फट बुजवणारा, ताणता येणारा माल.

आडवा सांधा

वरचा तुकडा पूर्ण काढला. डागडुजीत मोडतोड करायला जीव होत नाही, पण हलणाऱ्या तुकड्यावर कितीही चांगली टेप लावली तरी ती फाटणारच.

12 मिमी प्लायच्या 100 मिमी रुंद फळ्या कापल्या, दोन स्टडच्या मधे मावतील एवढ्या लांब. प्रत्येक फळी अर्धी खालच्या बोर्डाच्या मागे सरकवली, अर्धी वर डोकावती ठेवली, आणि बोर्डातून फळीत 25 मिमीचे स्क्रू मारले. पत्र्यासाठी बारीक आट्यांचे स्क्रू असतात, लाकडासाठी मोठ्या आट्यांचे. प्लायमध्ये मोठ्या आट्यांचेच घ्यावेत, बारीक आटे प्लाय नुसता कुरतडतात. स्क्रूचं डोकं कागदात जरा दबलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. शेजारी दुसरा मारायचा. कापलेल्या कडेपासून स्क्रू निदान 15 मिमी आत ठेवले, नाहीतर कड ढासळते.

नवा तुकडा वर 10 मिमी मोकळा राहील असा कापला. स्टडला आणि फळ्यांना स्क्रू मारले, वरच्या चॅनलला एकही नाही. परत अंगठा फिरवला. आता काही हलत नव्हतं. खरं तर हे प्रकरण इथेच सुटलं होतं. बाकी राहिलं ते हातकाम.

बोर्डाच्या लांबीच्या दोन्ही कडा कारखान्यातच उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे शेजारी ठेवल्यावर सांध्यावर उथळ पन्हळ तयार होते आणि टेप तिच्यात मावते. टोकाच्या आणि कापलेल्या कडांना ही सोय नाही. तिथे टेप आणि कंपाउंड पृष्ठभागाच्या वरच येणार. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा उंचवटा होणार हे गृहीत धरायचं आणि तो डोळ्यांना कळणार नाही इतका पसरवायचा. दोन्ही बाजूंना 300-300 मिमी पसरवला तर उतार दोनशेस एक पडतो. तेवढा कोणाला दिसत नाही. शंभर मिमीत संपवला तर खिडकीच्या तिरप्या उजेडात भिंतीवर आडवी शीर उमटते.

कडा कटरने तिरप्या छाटून सांध्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर केली, सुटलेला कागद कापून टाकला, ओल्या फडक्याने भुकटी पुसली. चर भरायला पाणी घालून कालवायचं, रासायनिक क्रियेने घट्ट होणारं कंपाउंड घेतलं. बादलीत तयार मिळतं ते सुकून कडक होतं आणि सुकताना आक्रसतं. खोल जागेत ते आत बसतं, मधे चिरतं. कालवायचं मात्र फारसं आक्रसत नाही. शिवाय घट्ट झालं की अंगात ओल असतानाही वर पुढचा हात मारता येतो.

याच्यावरच माझी पहिली फजिती झाली. पाकिटावर 45 मिनिटं लिहिलेली. पहिला घाणा व्यवस्थित चालला. दुसरा त्याच बादलीत कालवला, बादली नुसती खरवडून. पंधरा मिनिटांत तो दगड झाला, माल ओढायच्या पत्र्याच्या पट्टीसकट. कारण साधं आहे. पावडर म्हणजे भाजून बरंचसं पाणी काढून टाकलेलं जिप्सम. पाणी मिळालं की त्याचे पुन्हा स्फटिक बनतात. बादलीच्या कडेला आधीच्या घाण्याचे तयार स्फटिक असले की नवे त्यांच्याभोवती झपाट्याने वाढतात. दह्याचं विरजण लावावं तसंच. त्यानंतर प्रत्येक घाण्याआधी बादली, पट्टी, कालवायचा दांडा, सगळं धुतलं. पाणी आधी आणि पावडर नंतर, हा क्रमही पाळला. उलट केलं की तळाशी कोरड्या गाठी राहतात. आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा सैल करायचा मोह टाळावा. सैल होतो, पण जोर जातो.

चर दगडासारखी झाल्यावर सांध्यावर तीनेक मिमी जाडीचा थर ओढला आणि त्यावर कागदी टेप. जाळीची का नाही? ती चिकटवायला सोपी, फुगे येत नाहीत, हे खरं. पण ओढली की कागदापेक्षा जास्त ताणते, आणि बादलीतल्या तयार कंपाउंडबरोबर तर ती वापरूच नये. कागदी टेपच्या मधोमध घडीची रेघ असते. ज्या बाजूला ती उठलेली जाणवते ती बाजू भिंतीकडे. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे पट्टीने दाबत गेलो. मागचं जास्तीचं कंपाउंड बाहेर निघालं पाहिजे, पण सगळं नाही. सगळं निपटून काढलं की टेपमागे धरायला काही उरत नाही.

पहिल्या उभ्या सांध्यावरचा फुगवटा म्हणजे हेच. तिथे टेप होती, कागदी, पण हातभर जागेत तिच्यामागे कोरडं. टिचकी मारली की पोकळ वाजायची. तेवढा भाग कापून काढला, टोकं घट्ट आहेत ना ते पाहिलं, नवा तुकडा बसवला. अर्ध्या तासाचं काम. कापताना बोर्डाचा वरचा कागद एके ठिकाणी सोलला आणि आतला तपकिरी थर उघडा पडला. त्याच्यावर थेट कंपाउंड लावलं असतं तर ओलाव्याने फुगून आला असता, म्हणून आधी प्रायमरचा हात दिला आणि तो वाळू दिला.

आतला कोपरा

कोपऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि जास्त चुका तिथेच झाल्या.

आधी गुण्या लावून पाहिला. वर काटकोन बरोबर, खाली दोन-तीन मिमी उघडा. दोन्ही बाजू एकदम गुळगुळीत करणारी काटकोनी पट्टी मिळते; ती मी बाजूला ठेवली. कोपरा काटकोनात असता तर गोष्ट वेगळी. इथे ती एका बाजूला खरवडते आणि दुसऱ्या बाजूला ढीग सोडते. साधी 100 मिमीची पट्टी हातात बसते आणि भिंत जशी आहे तशी चालते.

जुनी पुट्टी पूर्ण काढली, 6 मिमीची फट कालवलेल्या कंपाउंडने भरली आणि रात्रभर सोडली. सकाळी दोन्ही बाजूंना सुमारे साठ-साठ मिमी रुंदीचा थर दिला, टेप घडीवर दुमडून उंचीएवढी कापली आणि घडीची धार कोपऱ्यात टेकवली. दर वीतभरावर बोटाने हलकेच दाबून ती जागेवर धरली, मग पट्टीने आधी एक बाजू, मग दुसरी.

दुसरी बाजू दाबताना पट्टीचं टोक कोपऱ्यात जरा खोल गेलं आणि घडीवर टेप चिरली. दोनशे मिमी असेल. ओल्या कंपाउंडमध्ये ती चीर दिसतही नव्हती. पट्टी उचलताना कागदाचा धागा सोबत आला म्हणून कळलं. बहीण शेजारी कंदील धरावा तसा दिवा धरून उभी होती. म्हणाली, "वरून माल आला की झाकून जाईल ना?" झाकून गेली असती. पण मूळ कारागिराने तरी वेगळं काय केलं होतं? सगळी टेप काढली, कोपरा पुसला, पुन्हा लावली. या खेपेला पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर घासून गोल करून घेतली. हे आधीच करायला हवं होतं.

टेप वाळल्यावरचे हात बादलीतल्या तयार कंपाउंडने दिले, कारण ते घासायला मऊ. आणि इथे कोपऱ्याचा खरा नियम: एका दिवशी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम ओल्या केल्या की दुसरीवर पट्टी ओढताना तिचं टोक पहिलीत नांगर चालवतं. ते बुजवायला गेलं की दुसरीत. माझी एक संध्याकाळ अशी गेल्यावर नियम पटला. डावी बाजू सोमवारी, उजवी मंगळवारी, पुन्हा डावी बुधवारी. वाळलेल्या बाजूवर पट्टीचं टोक टेकवून निर्धास्तपणे ओढता येतं आणि कोपऱ्याची रेघ आपोआप सरळ येते. हवेत दमटपणा होता, त्यामुळे एक हात वाळायला पुरे चोवीस तास लागत होते. कंपाउंडचा करडेपणा जाऊन ते सगळीकडे पांढरं दिसेपर्यंत पुढचा हात मारला नाही.

घासण्याआधी एक सांगायला हवं. अमेरिकेत 1977 साली बंदी येईपर्यंत सांधे भरण्याच्या मालात ॲस्बेस्टॉस घालत असत. जुनं बांधकाम असेल तर तपासल्याशिवाय जुना थर घासू नये, खरवडूही नये. ही भिंत चार वर्षांची, म्हणून ती काळजी नव्हती. साध्या कंपाउंडची भुकटीही फुफ्फुसांना चांगली नाहीच. एन-95 मास्क लावला, दाराला प्लास्टिक लावलं आणि पंखा बंद ठेवला.

सपाट भागावर 150 नंबरचा पॉलिश पेपर, ठोकळ्यावर गुंडाळून. कोपऱ्यात पेपर नको, त्याची दुमडलेली कड समोरच्या बाजूत घळ पाडते. तिथे ओलसर स्पंज फिरवला. स्पंजाची युक्ती तयार कंपाउंडवरच चालते. कालवलेलं एकदा घट्ट झालं की पाण्याला दाद देत नाही. घासताना दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायचा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत तशा उजेडात डोंगरदऱ्यांची निघते. बोर्डाचा कागद पिसारतोय असं दिसलं की थांबायचं.

दोन वेगळ्या चिजांचा कोपरा

विटांच्या भिंतीलगतची रेघ कापून 5 मिमीची स्वच्छ फट केली आणि रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट भरलं. सिलिकॉन यासाठी नको, त्यावर रंग बसत नाही. स्लॅबखालच्या 10 मिमी फटीत आधी फोमची गोल दोरी दाबली, वर पाच-सहा मिमी सीलंट. दोरीमुळे सीलंट फक्त दोन कडांना चिकटतं आणि मधे ताणायला मोकळं राहतं. मागेही चिकटलं तर ताणताना फाटतं.

शेवटी संपूर्ण भिंतीला प्रायमर, नुसत्या पट्ट्यांना नाही. कंपाउंड आणि कागद रंग वेगवेगळा शोषतात, मग काम कितीही सपाट असलं तरी सांधे ठिगळांसारखे चमकतात. एकूण दहा दिवस लागले. प्रत्यक्ष हातकाम फार तर अठरा-वीस तासांचं, बाकी वाळण्याची वाट.

आडव्या सांध्यावर आणि कोपऱ्यात मी सांधा ओलांडून जाणाऱ्या पेन्सिलीच्या अगदी बारीक खुणा करून ठेवल्या होत्या, रंगाच्या वर. सांधा सरकला तर खूण तुटते. चौदा महिन्यांनी पाहिल्या, सगळ्या अखंड. विटांच्या भिंतीलगत मात्र कमरेच्या उंचीवर वीतभर जागेत सीलंट एका कडेने सुटलंय. तिथे फट पुरेशी कापली नव्हती, थर पातळ बसला. बहिणीला ती जागा दाखवली तर म्हणाली, "राहू दे आता. पुढच्या रंगाच्या वेळी काढू." तेवढीच जागा कापून नवं सीलंट भरायचं आहे. दुसऱ्या उभ्या सांध्याला अजूनही कोणी हात लावलेला नाही.